सांडूची बेंबी

बसा. पाय मोकळे सोडा, बाज आपलीच हाय. चहा येतूय तवर तुमाला एका मानसाच्या अंगठ्याची गोष्ट सांगतो. अंगठा म्हनल्यावर हसू नका. आन् गोष्ट गोड नाय, हे आधीच सांगून ठिवतो. मागनं म्हनू नका की म्हाताऱ्यानं आमचा दिस खराब केला.

मल्हारी नावाचा एक धनगर व्हता. पुलीस ॲक्शन होऊन सतरा-अठरा वर्सं झाली व्हती, आन् पैठणपाशी गंगेवर, म्हंजी गोदावरीवर, धरनाचं काम लागलं व्हतं, तवाची ही गोष्ट. सव्वाशे मेंढरं, एक तट्टू, दोन कुत्री, एक लेक, एक सून, असा त्याचा संसार. पावसाळा सरला की बिडकीनच्या अंगाला यायचा, कुनाच्या तरी रिकाम्या वावरात मेंढरं बसवायचा. मेंढरांची लेंडी-मूत म्हंजी वावराला खत, म्हनून वावरवाला खुशीनं ज्वारी-बाजरी द्यायचा. दरसाली तात्यासाहेबाच्या वावरात त्याचा मुक्काम. तात्यासाहेब बड्या घरचा मानूस, पन बोलायला मोकळा.

आता अंगठ्याचं सांगतो. मेंढी इती, कोकरू पडतं, आन् शंभरात दोन-चार कोकरं अशी निघत्यात की त्यांची बेंबी बुजतच नाय. आत भोक राहातं. कोकरू उड्या मारायला लागलं की त्या भोकातनं आतडं बाहेर कातड्याखाली येतं, आन् पोटाला लिंबाएवढा फुगा लोंबतो. अशा कोकराला काट्यानं घसटलं, कुत्र्यानं हुंगलं, संपलं. मल्हारी काय करायचा, कोकरू उतानं मांडीत दाबायचा. अंगठ्यानं तो फुगा हळूहळू आत लोटायचा. गुडगुड वाजलं की समजायचं, आतडं गेलं. मंग भोकाची कड अंगठ्याला लागायची, बांगडीच्या कडेवानी. वरचं रिकामं कातडं चिमटीत धरायचं, पीळ द्यायचा, आन् काळ्या लोकरीची दोरी तेलात भिजवून गच गाठ मारायची. दहाव्या-बाराव्या दिशी कातडं वाळून गळून पडायचं, भोक बुजलेलं असायचं.

त्या गाठीची एक रीत व्हती. बांधल्यावर दोन दिस कोकरू बें-बें करून जीव खातं, आईला लुचत नाय, लेंडी टाकत नाय. तिसऱ्या दिशी गप होतं. गप झालं की मल्हारी म्हनायचा, "लागली दोरी." त्या तीन दिसात गाठीला हात लावायचा नाय, मंग कोकरू वरडून मेलं तरी. मरायचं बी एखादं. पन गंगथडीचे धनगर आठ-आठ कोस चालत त्याच्याकडं कोकरं आनायचे. तात्यासाहेब म्हनायचा, "मल्हारी, तुझा अंगठा सरकारात जमा करून घेतला पायजे." मल्हारी वरनं म्हनायचा, "काय मालक, चेष्टा करता गरिबाची." पन आतनं फुगायचा.

त्याची बायको राजाबाई मागंच गेलेली. लेक त्रिंबक, गरीब स्वभावाचा, बापापुढं मान वर न करनारा. सून बानाबाई, लासूर टेसनाकडची. तिची दोन लेकरं वर्सं भरायच्या आत गेली व्हती. तिसरा झाला तवा नाव ठिवलं सांडू. चांगलं नाव ठिवलं की देवाची नजर पडती, म्हनून सांडू. सांडलेलं, टाकलेलं, कुनाला नको असलेलं. देवाला फसवायची आपली रीत.

सांडू गुटगुटीत निघाला. पन नाळ वाळून पडली, आन् महिनाभरात दिसाय लागलं की पोराची बेंबी वर येती. रडला की बोराएवढी, खोकला की बोराएवढी, निजला की सपाट. तिसऱ्या महिन्यात बोराचं आवळ्याएवढं झालं. दुखत-खुपत काय नव्हतं त्याला. आई बोटानं दाबायची तर गुडगुड करून आत जायची, आन् पोरगं खिदळायचं.

पन बाया गप बसत्यात व्हय? बिडकीनच्या बाजारात एक भाजीवाली म्हनली, "अगं, ह्याच्या पोटावर काय ठिवलंयस, इकायला आनलंस का?" दुसरी म्हनली पैसा बांध. तिसरी म्हनली बिब्ब्याचा चटका दे. बानाबाई दोन लेकरं मातीत घालून बसलेली, तिचं काळीज पानी-पानी. ती मल्हारीशी बोलायची नाय. सासऱ्याशी सून समोरासमोर बोलत नाय, ही त्यांची रीत. काय सांगायचं ते पदर पुढं ओढून लेकराला सांगायची. "सांडू, आज्याला म्हनावं भाकर झाली." "सांडू, आज्याला सांग, तट्टू सुटलंय." आन् मल्हारी बी सांडूलाच जवाब द्यायचा. "सांडोबा, आईला म्हनावं, आलो." त्या दोघांच्या मधी तेव्हडं पोरगं म्हंजी टपालाची पेटीच.

तर एक दिस ती म्हनली, "सांडू, आज्याला सांग, उंद्या तुला औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय."

मल्हारी म्हनला, "सांडोबा, आईला इचार, आज्याचा अंगठा झडला का म्हनून."

बानाबाई म्हनली, "सांडू, आज्याला सांग, तू लेकरू हायस, कोकरू नाय."

मल्हारी उठून मेंढरांकडं गेला. पन ते त्याला लागलं.

त्रिंबक आन् बानाबाई येस्टीनं गेले. दवाखान्यात एक डाक्टरीन बाई व्हती, बारकी, चष्म्याची. तिनं पोराला उतानं घातलं, बोटानं बेंबी आत लोटली, सोडली, परत लोटली. पोरगं हसलं तर ती बी हसली. म्हनली, "रडतो तेव्हा वर येते, झोपला की आत जाते, हो ना? मग काही करायचं नाही. बेंबीच्या मागं छोटी फट राहिली आहे. ती आपोआप मिटते. हा पळायला लागेल तोवर मिटलेली दिसेल. चार-पाच वर्षांचा झाला आणि तरी राहिली, तर आणा, तेव्हा बघू. पैसा बांधायचा नाही, पट्टा आवळायचा नाही, बिब्बा लावायचा नाही. हातच लावू नका. फक्त कडक झाली, लाल-काळी पडली, दाबल्यावर आत जाईना, बाळ उलट्या करायला लागलं, तर मात्र त्याच पावली इकडं यायचं. कळलं?"

बानाबाई व्हय म्हनली. त्रिंबक बी व्हय म्हनला.

सांजच्याला परत आले तर मल्हारी वाटच बघत बसलेला.

"काय दिलं?"

"काय नाय, बा," त्रिंबक म्हनला. "आपोआप मिटती म्हनली, चार वर्सं वाट बघा."

"सुई?"

"नाय."

"बाटलीतलं लाल पानी तरी?"

"नाय म्हनलं ना, बा."

"म्हंजी येस्टीत बसून गेले आन् हात हालवत आले. चार वर्सं थांबा म्हनती? मी कोकराला चार दिस देत नाय." असं म्हनून मल्हारी थुकला. "अरे, जिला काय येत नाय ती म्हनती, आपोआप होईल. मला बी म्हनता येतं."

बघा, हितं चुकलं. डाक्टरीन बाईनं औषिध दिलं नाय म्हनून तिचं बोलनं हलकं झालं. तेच जर तिनं रंगीत पान्याची बाटली दिली असती, तर मल्हारीनं बी मानलं असतं. आपल्या मानसाला 'काय करू नका' हे औषिध पचत नाय.

पुढं दिवाळी झाली. चारा सरायला आला. दरसालीपरमानं गंगा वलांडून बीडच्या डोंगराकडं जायचं ठरलं. मोठा कळप घेऊन त्रिंबक म्होरं गेला. मागं राह्यली नवी कोकरं आन् त्यांच्या आया, तट्टू, मल्हारी, बानाबाई आन् सांडू. कोकरांच्या पायात बळ आलं की आठ-पंधरा दिसांनी ह्यांनी निघायचं. आता सांडूला पाचवा महिना चालू.

एका सकाळी पोराला खोकला लागला. खोकून खोकून लाल झालं, आन् बेंबी अशी वर आली, की लिंबू. कातडं तानून चकाकाय लागलं. बानाबाईनं दाबली, गेली आत. तरी तिनं हात उचलला नाय.

मल्हारी चुलीपाशी बसून बघत व्हता. म्हनला, "सांडोबा, आईला म्हनावं, आता आठ महिने डोंगरात. तिथं फुगली तर डाक्टरीन बाईला कुठं हुडकायचं? तिथं येस्टी बी नाय. दोन तर गेलीच तिची."

हे बोलनं खोटं नव्हतं, हे तुमी बी मानताल. बानाबाईनं पोराला मांडीवर घेतलं. पोराच्या टाळूवरनं हात फिरवत राह्यली. मंग बारीक आवाजात म्हनली, "सांडू, आज्याला इचार, कोकराला लई दुखतं का रं?"

मल्हारीला समजलं. सून व्हय म्हनली.

"दोन दिस," तो म्हनला. "मंग गप."

त्यानं काळी लोकर वळली, नेहमीपरीस बारीक. तेलात भिजवली. हात दोनदा धुतले. घोंगड्यावर पोराला निजवलं, आन् म्हनला, "सांडोबा, आईला म्हनावं, पाय धर." तिनं पाय धरले. मल्हारीनं अंगठा टेकवला. गुडगुड वाजलं, आत गेलं. भोकाची कड अंगठ्याला लागली, अगदी कोकरावानी. त्याला मनात हसू आलं, की देवानं मानूस आन् मेंढरू एकाच साच्यात काढलंय. कातडं चिमटीत घेतलं, पीळ दिला, दोरीचा पयला येढा टाकला.

आन् सांडूनं श्वास कोंडून असा टाहो फोडला, की पोट दगड झालं.

त्या टायमाला मल्हारीच्या चिमटीत काईतरी सरकलं. आतनं वर. गिळगिळीत, गांडुळावानी.

कोकराच्या टायमाला असं झालं की मल्हारी दोरी सोडायचा, परत आत लोटायचा, परत बांधायचा. त्याला काय ठाऊक नव्हतं असं नाय. पन समोर बानाबाई. डोळे मिटलेले, व्हट दातात धरलेला, पोराचे पाय दोन्ही मुठीत. आता दोरी सोडली तर ती म्हननार, मामंजीचा हात चुकला. आन् मंग परत पाय धरायची नाय. मल्हारीनं मनाला सांगितलं, कातडंच हाय, कातडंच सरकलं. आन् गाठ मारली. गच.

पोरगं दिसभर रडलं. मल्हारी म्हनला, रीतच हाय. दुसऱ्या दिशी दूध तोंडात घेईना, घेतलं ते ओकला. मल्हारी म्हनला, कोकरू बी लुचत नाय. शी केली नाय. मल्हारी म्हनला, लेंडी टाकत नाय तीन दिस. जे जे बानाबाई बघत व्हती त्याला मल्हारीपाशी कोकराचा जवाब तयार व्हता. तात्यासाहेबाची मंडळी द्वारकाबाई ताक घेऊन आली, तिनं इचारलं, "का गं, पोरगं इतकं का किरकिरतंय?" बानाबाई म्हनली, "दात येत असतील." सासऱ्यानं गाठ बांधलीय असं परक्या बाईला सांगावं तर डाक्टरीन बाईचं बोलनं मोडल्याची लाज, आन् न सांगावं तर पोराची काळजी. ती बिचारी दातावर मोकळी झाली.

तिसऱ्या सकाळी सांडू गप झाला.

मल्हारी कोकरांना पाला टाकत व्हता. पोराचं रडनं थांबलेलं त्याच्या कानावर आलं. तीन दिसांत पयल्यांदा त्याच्या छातीवरचं वझं हाललं. तिथनंच म्हनला, "सांडोबा, आईला सांग, लागली दोरी."

थोड्या टायमानं बानाबाई पालातनं भाईर आली. डोक्यावर पदर नव्हता. पोरगं हातावर आडवं, मान लोंबलेली, डोळे अर्धे उघडे. व्हटाच्या कडंला हिरवं-पिवळं सुकलेलं.

"मामंजी," ती म्हनली. समोर, तोंडाकडं बघून. लगीन होऊन सात वर्सं झाली, कवा अशी बोलली नव्हती. "सोडा."

"अगं, आता सोडली तर सगळं वाया जाईल. तिसऱ्या दिशी गाठ..."

"पोट बघा."

मल्हारीनं बघितलं. पोट डफावानी तानलेलं, वर निळ्या शिरा. गाठीच्या वर जे व्हतं ते वाळलेलं कातडं नव्हतं. जांभळाएवढं काळं, ओलं, गरम.

मेंढरं भादरायची कातर तट्टूच्या खोगिराला अडकवलेली व्हती. ती त्यानं आनली. दोरी मासात रुतलेली, कातरीचं टोक जाईना. शेकडो कोकरं बांधलेला मानूस, त्याला एक दोरी कापता येईना. शेवटी कापली. त्याला वाटलं आता फुगा बसल, आत जाईल. त्यानं अंगठा लावला. गुडगुड वाजलं नाय. काईच हाललं नाय. पोरगं सुद्धा रडलं नाय.

बानाबाई तशीच सडकेकडं पळत सुटली. मल्हारी मागं. तात्यासाहेब मोटंवर व्हता, त्यानं बघितलं, तो बी बैल सोडून धावला. धरनावर सिमिट टाकून रिकामा टरक शहराकडं चालला व्हता. तात्यासाहेबानं मधी उभं राहून थांबवला. डायवर खाली वाकून पोराकडं बघतो तर म्हनला, "अरे रे रे. बैठो अम्मा, पकडके बैठो. बाबा, तुम पीछे चढो." आन् खड्डे-खुड्डे न बघता त्यानं टरक असा हानला, की मागं तात्यासाहेबाशेजारी बसल्याल्या मल्हारीचं पागोटं उडून गेलं ते कळलं बी नाय.

दवाखान्यात तीच डाक्टरीन बाई. तिनं पोराचं पोट उघडं केलं आन् तिचं तोंड पांढरं पडलं. पोरगं उचललं आन् आत पळाली. दार लागलं.

हे तिघं भाईर. बानाबाई भिताडाला टेकून बसलेली, हात अजून तसेच, पोरगं धरल्यावानी. मल्हारी बोडक्या डोक्यानं उभा. तात्यासाहेब फेऱ्या घालत व्हता.

दुपार कलली तवा डाक्टरीन बाई भाईर आली.

"आतड्याचा तुकडा गाठीत अडकला होता," ती म्हनली. "सडून गेला. काढलाय. पण विष अंगात भिनलंय. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही." मंग तिनं बानाबाईकडं बघितलं, आन् तिला वळखलं. "तू आली होतीस ना माझ्याकडं? नवऱ्याला घेऊन?"

बानाबाईनं मान हालवली.

"काय सांगितलं होतं मी?"

"हात लावू नका म्हनला व्हता."

"मग? काही नव्हतं गं त्याला. काही म्हणजे काही नव्हतं. त्याचं ते मिटलं असतं." तिचा आवाज चढला, आन् मंग एकदम खाली बसला. "कुणी बांधली ही दोरी?"

मल्हारी सांगायला म्होरं झाला. खरंच झाला व्हता, शेवटच्या दुखन्यात त्यानं मला तसंच सांगितलं. पन तेव्हड्यात बानाबाई म्हनली, "मी."

डाक्टरीन बाईनं तिच्याकडं बघितलं. कागदावर काईतरी लिहिलं. तात्यासाहेब मल्हारीकडं वळला. लोकरीची दोरी कुनाची असती हे तात्यासाहेबाला काय सांगाय पायजे व्हय? सगळ्या गंगथडीला ठाऊक. त्यानं हळूच इचारलं, "मल्हारी, तुला म्हाईत नव्हतं? तुला न सांगता बांधली हिनं?"

बानाबाई खाली बघत व्हती. मान वर केली नाय. मल्हारीला तिचा नुसता भांग दिसत व्हता, त्यातलं इस्कटलेलं कुंकू.

मल्हारीनं मान हालवली. म्हाईत नव्हतं म्हनून.

झालं. तेव्हडं एक मान हालवनं.

तिनं 'मी' का म्हनलं, ते मला इचारू नका. मी पाय धरले म्हंजी मीच बांधली, असं तिला वाटलं असल. का सासऱ्याचं बोडकं डोकं बघून दया आली असल. त्या टायमाला बाईच्या मनात काय व्हतं ते तिचं तिला ठाऊक. पन मल्हारीच्या मनात काय व्हतं ते त्यानं सांगितलंय. त्याच्या मनात आलं, आता हीच म्हनतीय तर. एव्हडंच.

सांडू दुसऱ्या सकाळी गेला. एवढुसं गठुडं घेऊन येस्टीनं परत आले. तात्यासाहेबाच्या वावराच्या कडंला, वढ्याच्या अंगाला, मल्हारीनं खड्डा केला. वर दगडं रचली, कोल्ह्यांसाठी. त्या दिशी कोकरं भुकेनं वरडत व्हती, कुनी पाला टाकला नाय. शेवटी द्वारकाबाईनं गडी लावला.

सांगावा गेला, पाचव्या दिशी त्रिंबक आला. तात्यासाहेबानं त्याला जे कानानं ऐकलं ते सांगितलं. त्रिंबक तसा गरीब. पन तो म्हनला, "डाक्टरीन बाई सांगत व्हती तवा मी शेजारी उभा व्हतो. म्या ऐकलं, हिनं ऐकलं. तरी हिनं बांधली?" बानाबाईनं पदर पुढं ओढला. त्रिंबकानं बापाकडं बघितलं. बाप चिलमीतली राख झाडत बसला व्हता. लेकानं तिला मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर कदाचित मल्हारीचं तोंड उघडलं बी असतं. त्यानं तसं काय केलं नाय. तिला तट्टावर बसवलं, लासूर टेसनाला तिच्या भावाच्या, रामकिसनच्या दारात नेऊन उतरवलं, आन् माघारी आला. दुसरं लगीन केलं. धनगरात काय, बायको मिळती.

मल्हारीनं त्या सालापासून गाठ बांधली नाय. लांबनं लोक कोकरं घेऊन यायचे, हा घोंगडं डोक्यावर घेऊन झोपायचा. लोक म्हनायचे, नातवाचं दुख लागलं म्हाताऱ्याला. सुनंनं घात केला. त्याच्या हातात एव्हडी इद्या, त्याला इचारलं असतं तर पोरगं वाचलं असतं. असं त्याच्या तोंडावर म्हनायचे, बघा. आन् तो ऐकून घ्यायचा. वर कुनी तंबाखू द्यायचं, कुनी चहा पाजायचं. दया येयाची लोकांना.

सात-आठ वर्सं गेली. कोनत्या तरी बाजाराला बकरी इकायच्या निमितानं मल्हारी लासूरला गेला. निमितच ते, बकरी त्याला बिडकीनला बी इकता आली असती. भुसार बाजारात बाया दाना निवडत बसल्या व्हत्या, सुपं चाललेली. त्यात बानाबाई. केस पिकलेले, तिशीतच. मल्हारी समोर एका गाडीच्या चाकाआड बसला. मनात वाक्य तयार करून आला व्हता. रामकिसनच्या घरी जायचं, चार मानसं बोलवायची, सांगायचं.

तिच्या शेजारच्या बाईचं लेकरू रांगत-रांगत दान्याच्या ढिगाऱ्यात चाललं व्हतं. तोंडात मूठभर दाना कोंबायच्या बेतात. बानाबाईनं सूप ठिवलं आन् हात पुढं केला त्याला धरायला. तेव्हड्यात ती दुसरी बाई उठली, लेकरू बखोटीला धरून उचललं, आन् चार हात लांब जाऊन बसली. काय बोलली नाय. शिवी नाय, टोमना नाय. नुसती लांब जाऊन बसली. बानाबाईनं हात मागं घेतला, सूप उचललं, आन् पाखडाय लागली. तिच्या तोंडावर काय नवं घडल्यावानी बी दिसलं नाय. रोजचंच असल.

मल्हारी चाकाआड दिस मावळंपरेंत बसला. मंग बकरी घेऊन तसाच माघारी फिरला.

का नाय सांगितलं, म्हनून त्याला मी इचारलं. मरायच्या आधी मी त्याला बघाय गेलो, तवा त्यानं हे सगळं मला एकट्याला सांगितलं; तो हंतरुनावर व्हता, पाय सुजलेले, श्वास लागलेला. म्हनला, "मला वाटलं, आता सांगितलं तर लोक म्हनतील, इतकी वर्सं का गप बसलास. त्याचा जवाब मला सापडंना." असं म्हनून उजवा अंगठा वर केला, बघितला, आन् घोंगड्याखाली घातला. चार दिसांनी गेला. त्याचं दिस-वार झालं तवा सगळी गंगथड जेवायला आली व्हती. केव्हडा गुनी मानूस म्हनून गेले.

मी तवाच बोलायला पायजे व्हतं, पंगतीत उभं राहून. नाय बोललो. त्रिंबक समोर वाढत व्हता, त्याची दुसरी बायको, तिची लेकरं. गप जेवून आलो. तेव्हडा दोष माझा बी हाय.

आता तुमाला का सांगितलं, ते ऐका. तुमची गाडी दर आठवड्याला लासूरला भुसार घेऊन जाती, हे मला ठाऊक हाय. बानाबाई तिथंच असती अजून, वाकलीय आता, पन सूप सोडलं नाय. तिला तुमी काय बोलू नका. तिला सांगन्यासारखं काय नाय, तिला सगळं ठाऊक हाय. पन माल उतरंपरेंत तुमी तिथं चहा पीत बसता, हमाल बसत्यात, बाया बसत्यात. त्यात कुनी तिच्याकडं बोट करून म्हनलं, की हिनं आपलं लेकरू बांधून मारलं, तर तेव्हडं चहाचं भांडं खाली ठिवा, आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, की दोरी मल्हारीनं बांधली व्हती. त्याचं नाव घेऊन सांगा.